नवा टीव्ही, जाडी माणसं : साताऱ्यातल्या एका घराचं प्रकरण

तक्रारी तीन होत्या आणि तिघांच्या तीन. सर म्हणाले, टीव्हीत सगळी माणसं फुगलेली दिसतात. काकू म्हणाल्या, जुन्या गाण्यांत नटनट्यांची डोकीच कापली जातात. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, टीव्हीला काही झालेलं नाही, आईबाबांना मोठ्या स्क्रीनची सवय नाही. टीव्ही ४३ इंची एलईडी, नवाकोरा. दुकानाचा माणूस येऊन भिंतीवर लावून, चॅनेल दिसतात एवढं दाखवून गेला होता.

सर म्हणजे शाळेतले आमचे चित्रकलेचे शिक्षक. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना त्यांनी गावातली कितीतरी मुलं बसवली. असा माणूस चेहरा फुगलेला आहे म्हणतो, तेव्हा तो सवयीचा प्रश्न नसतो. चेहरा रुंदीच्या साधारण दीडपट लांब असतो, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. रुंदी दोन तर लांबी तीन. टीव्हीवर दिसत होते ते जवळपास गोल चेहरे.

टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यात ही तक्रार मला वारंवार भेटते, आणि बहुतेक घरी कोणीतरी रिमोटवरचं 'पिक्चर साइज'चं बटण दाबत राहतं, बरं दिसलं की थांबतं. पुढचा कार्यक्रम लागला की परत बिघडतं. इथे तसंच चाललं होतं. तिघांच्या तक्रारी खऱ्या होत्या आणि तिन्हींचं मूळ एक होतं. चित्राचा आकार वाटेत तीन जागी ठरतो : चॅनेलच्या स्टुडिओत, सेटटॉप बॉक्समध्ये आणि टीव्हीत. या घरात बॉक्स आणि टीव्ही दोघांनीही तो ठरवायला घेतला होता, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

बॉक्स जुनाच होता. मुंबईत जुनी ॲनालॉग केबल बंद करायची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ होती. आपल्या भागात ते लोण यायला आणखी काही वर्षं लागली. बॉक्स आला तेव्हा हॉलमध्ये २१ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही होता. केबलवाल्याच्या मुलाने बॉक्सच्या मेन्यूत टीव्हीचा आकार ४:३ (रुंदी चार, उंची तीन) ठेवला आणि त्याखालच्या ओळीत 'लेटर बॉक्स', म्हणजे रुंद चित्राच्या वर-खाली काळी पट्टी टाकायचा पर्याय, निवडला. त्या टीव्हीसाठी ते शंभर टक्के बरोबर होतं. नवा टीव्ही आला तेव्हा पिवळी, लाल, पांढरी अशा तीन पिना जुन्या टीव्हीतून काढून नव्यात खोचल्या गेल्या. बॉक्सच्या मेन्यूत कोणी गेलंच नाही. समोर अजून ट्यूबचाच टीव्ही आहे अशा समजुतीने बॉक्स चित्र पाठवत राहिला.

थोडं गणित केलं की पुढचं सगळं उलगडतं. जुन्या टीव्हीची रुंदी चार तर उंची तीन, म्हणजे १.३३. नव्याची सोळाला नऊ, म्हणजे १.७८. आता १.३३ ला १.३३ ने गुणा, १.७८ च येतात. चारचा वर्ग सोळा, तीनचा वर्ग नऊ. त्यामुळे या प्रकारातली चूक नेहमी ठरावीक मापाने होते. जुनं चित्र ताणलं तर रुंदी एक तृतीयांशाने वाढते. आहे तसं ठेवलं तर पडद्याचा एक चतुर्थांश भाग काळा राहतो. झूम केलं तर चित्राची एक चतुर्थांश उंची कापली जाते, निम्मी वरून आणि निम्मी खालून. माप हाती लागलं की चूक कुठली ते कळतं.

चॅनेल जेव्हा साध्या दर्जाचं, म्हणजे एचडी नसलेलं चित्र पाठवतं, तेव्हा त्यात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात. चित्र चौकोनी, म्हणजे ४:३ चं, असो की रुंद, ठिपके तेवढेच. रुंद चित्र त्यात आडवं दाबून बसवतात आणि सोबत खूण पाठवतात की हे १६:९ आहे. घडी घालून पाठवलेल्या लुगड्यासारखं ते. घडी कशी उलगडायची, हे त्या खुणेवरून कळतं. सरांच्या बॉक्सला खूण मिळत होती आणि तो घडी नीट उलगडतही होता. पण समोर ४:३ चा टीव्ही आहे असं त्याला सांगून ठेवलेलं, म्हणून रुंद चित्र त्यात मावावं यासाठी तो वर आणि खाली काळी पट्टी टाकत होता. खरं चित्र ५७६ पैकी ४३२ ओळींत उरायचं. पिवळ्या पिनेतून ते टीव्हीकडे जायचं ते साधं ४:३ चं चित्र म्हणून. टीव्ही 'वाइड'वर होता. त्याने ते पट्ट्यांसकट दोन्ही बाजूंना ताणून पडदा भरला.

म्हणून मालिका लागली की वर-खाली काळ्या पट्ट्या आणि मधे बुटकी, जाडी माणसं. पडदा साधारण ९५ सेंटीमीटर रुंद आणि ५३ उंच, त्यातलं चित्र ९५ बाय ४०. वर-खाली पट्ट्या असूनही माणसं जाडी दिसत असतील, तर बॉक्स ४:३ वर राहिलाय आणि टीव्ही ताणतोय असं समजावं. मला तरी याला अपवाद भेटलेला नाही.

मुलगा सुट्टीला आला तेव्हा त्याने टीव्ही 'झूम'वर टाकला होता. मालिका एकदम सुधारल्या, कारण झूममध्ये टीव्ही चित्र रुंदी-उंचीत सारखंच वाढवतो आणि बॉक्सने टाकलेल्या पट्ट्या नेमक्या पडद्याबाहेर जातात. त्याच्या मते काम झालं होतं. पण काकू दुपारी कृष्णधवल गाणी बघतात. ती मुळातच चौकोनी, त्यांना बॉक्स पट्ट्या टाकत नाही. त्यामुळे झूममध्ये खऱ्या चित्राचाच वरचा आठवा आणि खालचा आठवा भाग जायचा. क्लोजअप असला की कपाळ गायब, कुंकू गायब. रात्री बातम्यांच्या तळाशी धावणारी पट्टीही किंचित कापलेली, पण त्याचं कारण वेगळं, ते पुढे येईल. मग काकू 'वाइड' लावायच्या. मग सर म्हणायचे, परत सगळे जाडे झाले.

माप

डोळ्यांचा अंदाज बाजूला ठेवून मी काकूंकडे शिवणाची टेप मागितली. बातम्यांच्या एका चॅनेलचं गोल बोधचिन्ह कोपऱ्यात दिवसभर स्थिर असतं, ते मोजायला सोयीचं. एलईडीच्या पडद्यावर बोट दाबायचं नाही, टेप नुसती जवळ धरायची. 'वाइड'मध्ये गोल आडवा आठ सेंटीमीटर भरला, उभा सहा. आठ भागिले सहा, १.३३. सर चष्मा वर करून टेपकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे दोनास तीनचा चेहरा हा आठास नऊ करतोय." तंतोतंत तेच.

पिना न काढता मी आधी फक्त बॉक्सच्या मेन्यूत गेलो. टीव्हीचा आकार १६:९ केला, टीव्ही 'वाइड'वरच ठेवला. पट्ट्या गेल्या, गोल आठ बाय आठ झाला. हे मुद्दाम आधी केलं. केबल आणि सेटिंग दोन्ही एकदम बदललं असतं तर दोष तीन पिनांचा होता असाच घरात समज झाला असता. पिनांवरही आकार पूर्ण बरोबर येतो. ज्यांच्या बॉक्सला एचडीएमआयचं (चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणारं) भोकच नाही त्यांनी एवढं केलं तरी पुरे.

सरांच्या बॉक्सला ते होतं, मागे, धुळीने भरलेलं. केबल लावली, बॉक्सला १०८० ओळींच्या एचडी चित्रावर टाकलं. चित्र स्पष्ट झालं ते या केबलमुळे. बॉक्सच्या मेन्यूत आता आणखी एक ओळ दिसू लागली : चौकोनी कार्यक्रम रुंद टीव्हीवर कसा दाखवायचा. पर्याय दोन, 'फुल' आणि 'पिलर बॉक्स'. फुल म्हणजे ताणा. पिलर बॉक्स म्हणजे आकार राखा आणि डाव्या-उजव्या बाजूला काळं सोडा. मी पिलर बॉक्स ठेवलं. यानंतर आकार ठरवायचं काम एकट्या बॉक्सकडे राहिलं. टीव्हीने आलेलं १६:९ चित्र नुसतं दाखवायचं.

काळ्या बाजू

संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. गाणी लागली होती, दोन्ही बाजूंना काळं. तो म्हणाला, एवढे पैसे मोजून मोठा टीव्ही घेतला आणि पाव पडदा बंद ठेवायचा?

हा प्रश्न सगळीकडे विचारला जातो आणि त्यामागची भावना मला समजते. उत्तर टेपनेच दिलं. मधलं चौकोनी चित्र ७१ सेंटीमीटर रुंद आणि ५३ उंच होतं. जुन्या २१ इंची टीव्हीचं दिसणारं चित्र साधारण ४१ बाय ३१. क्षेत्रफळ तिप्पट झालं. काकूंची गाणी त्यांनी आयुष्यात टीव्हीवर कधी पाहिली नव्हती एवढी मोठी दिसत होती, आणि पूर्ण दिसत होती.

पट्टी टाळणं शक्यच नाही, कारण चित्रंच वेगवेगळ्या आकारांची आहेत. चारास तीन हा आकार सिनेमाच्या जन्मापासूनचा. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन यांनी ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर कडेच्या चार भोकांएवढ्या उंचीची चौकट बसवली, तिथून तो आला आणि पुढे टीव्हीने उचलला. १९५३ मध्ये हॉलिवुडने सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चित्राचं तंत्र, आणलं. आपल्याकडे पहिला सिनेमास्कोप चित्रपट १९५९ चा, 'कागज़ के फूल'. त्यानंतर पडदे रुंदावत गेले, पण टीव्ही तसाच राहिला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, १९८२ मध्ये रंग आले, आणि त्या सगळ्या काळातल्या मालिका, नाटकं, मुलाखती, बातम्या चारास तीनमध्येच आहेत. १९८० च्या दशकात अमेरिकेत कर्न्स पॉवर्स नावाच्या अभियंत्याने १.३३ पासून २.३५ पर्यंतचे आयत सारख्या क्षेत्रफळाचे काढून एकावर एक ठेवले आणि सगळ्यांना कमीत कमी नुकसान करून सामावणारी चौकट शोधली. ती १.७७ च्या आसपास निघाली, १.३३ आणि २.३५ यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. १६:९ म्हणतात ते हेच. थोडं काळं कुठे ना कुठे राहणार, हे गृहीत धरूनच हा आकार निवडला गेला. चौकोनी चित्राला बाजूंना, सिनेमास्कोपला वर-खाली. नव्या मराठी सिनेमातही वर-खाली पट्ट्या दिसतात, त्या दिग्दर्शकाच्याच चौकटीच्या कडा असतात.

मुलाने मग 'स्मार्ट वाइड'सारखा पर्याय सुचवला. नावं कंपनीगणिक बदलतात. यात मधला भाग जवळपास बरोबर ठेवतात आणि कडा जास्त ताणतात. माणूस मधे स्थिर बसलेला असेल तर फसायला होतं. सरांच्या टीव्हीवर तो लावला, आणि गाण्यानंतरच्या एका प्रसंगात एसटी रस्त्याने डावीकडून उजवीकडे गेली. डाव्या कडेला ती लांबलचक, मधे आली की आखूड, उजवीकडे परत लांब. कॅमेरा फिरला की सगळं गाव कडेला फुगायचं. सरांनी स्वतःच रिमोट घेऊन तो बंद केला.

खरं तर नृत्य लागलं तेव्हाच मुलगा गप्प झाला. ताणलेल्या चित्रात नर्तकीने हात वर केला की तो आहे तेवढाच राहतो, आणि तोच हात आडवा पसरला की एक तृतीयांशाने वाढतो. तिच्या शरीराची मापं क्षणाक्षणाला बदलतात. ज्यांनी वर्षानुवर्षं रियाज करून ती रेषा कमावली, ज्या कॅमेरामनने चौकटीत ती नेमकी बसवली, त्यांचं काम पडदा भरण्यासाठी मोडायचा आपल्याला काय हक्क आहे? माझं या बाबतीत ठाम मत आहे. चेहऱ्याचा रंग थोडा लाल आवडतो की पिवळा, ही ज्याची त्याची आवड. आकार तसा नाही. माणूस जसा होता तसाच दिसला पाहिजे.

काळ्या पट्ट्यांनी पडदा खराब होतो का, हेही मुलाने विचारलं. या एलईडी टीव्हीला काही होत नाही. जुन्या प्लाझ्माला आणि आताच्या ओएलईडीला तासन्‌तास स्थिर चित्र नको असतं, तिथे थोडी काळजी घ्यावी.

कापलेल्या कडा

सगळं बरोबर झाल्यावरही बातम्यांची तळाची पट्टी किंचित कापलीच जात होती. अक्षरांच्या वेलांट्या दिसत होत्या, उकार नव्हते. हा वेगळा दोष. पिक्चर ट्यूबच्या कडा गोलसर असायच्या आणि विजेचा दाब कमी-जास्त झाला की चित्र आकसायचं, फुगायचं. कडेला काळं दिसू नये म्हणून टीव्ही बनवणारेच चित्र चौकटीबाहेर थोडं सांडवायचे, आणि चॅनेलवाले महत्त्वाचं काही कडेला ठेवायचे नाहीत. सपाट पडद्याला याची काहीच गरज नाही. तरी अनेक टीव्ही अजून सवयीने चित्र थोडं मोठं करून कडा छाटतात. एलजीत 'जस्ट स्कॅन', सोनीत 'फुल पिक्सेल', सॅमसंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'फिट टू स्क्रीन' अशा नावाने ही छाटणी बंद करायची सोय असते. सरांच्या टीव्हीत ती पिक्चरच्या मेन्यूत खोल दडलेली होती. बंद केली, उकार परत आले. टीव्ही प्रत्येक भोकासाठी आकाराची सेटिंग वेगळी लक्षात ठेवतो. पिनांवर केलेली एचडीएमआयला लागू होत नाही, तिथे परत करावी लागते.

चॅनेलचीच चूक

दोन दिवसांनी काकूंचा फोन : एका चॅनेलवर जुन्या गाण्यांचा कार्यक्रम आहे, त्यात नटी परत जाडी दिसतेय, बाकी चॅनेल ठीक आहेत. कोणी बटण दाबलंय का?

मी फोनवरच त्यांना चॅनेलचं बोधचिन्ह बघायला सांगितलं. गोल आहे की आडवं? काकू म्हणाल्या, "गोल आहे, अगदी रुपयासारखं."

मग घरात काहीच बिघडलेलं नव्हतं. बोधचिन्ह चॅनेल शेवटी चढवतं, चित्र तयार झाल्यावर. चिन्हही लांबलं असेल आणि माणसंही, तर दोष बॉक्स किंवा टीव्हीचा. चिन्ह गोल आणि माणसं जाडी, तर जुनं चित्र स्टुडिओतच ताणून १६:९ म्हणून पाठवलंय. अशा वेळी बॉक्सला ते रुंद चित्रच वाटतं आणि तो त्याला हात लावत नाही. माणसं उलट बारीक आणि उंचेली दिसली, तर सिनेमास्कोपचं चित्र उभं ताणलेलं असतं.

स्टुडिओत आडव्या ताणलेल्या चित्रावर घरी उपाय आहे, तोही पुरा. तेवढ्यापुरता टीव्हीचा आकार ४:३ करायचा. एक तृतीयांशाने ताणलेलं तेवढ्याच मापाने परत दाबलं जातं आणि नटी मूळ बांध्यावर येते. चॅनेलचं चिन्ह तेवढं उभट होतं. काकूंनी लगेच करून बघितलं. त्या म्हणाल्या, चिन्ह कोण बघतंय. कार्यक्रम संपला की परत १६:९, हे बटण सरांनी रिमोटवर लाल नेलपॉलिशचा ठिपका देऊन खूण करून ठेवलंय.

एक प्रकार क्वचित दिसतो तो इथे नोंदवतो. रुंद सिनेमा पूर्वी पट्ट्यांसकट चौकोनी चित्रात भरलेला असतो, आणि तेच जुनं चित्र चॅनेल आज दाखवतं. मग चारही बाजूंना काळं आणि मधे टपालाच्या तिकिटासारखा सिनेमा, पडद्याच्या जेमतेम निम्म्या भागात. तिथे 'झूम' वापरावं. कापलं जातं ते फक्त काळं, आकार बिघडत नाही.

जुना २१ इंची टीव्ही सरांनी टाकून दिलेला नाही. तो स्वयंपाकघरात आहे, त्याला वेगळा बॉक्स. नातू सुट्टीला आला होता, हॉलमधली जादू बघून तो तिथेही १६:९ करायला निघाला. त्याला थांबवलं. ट्यूबच्या त्या टीव्हीला १६:९ पाठवलं असतं तर तिथली माणसं बांबूसारखी उंच झाली असती. त्या बॉक्सवर ४:३ आणि 'लेटर बॉक्स' हेच बरोबर आहे, आणि ते तसंच ठेवलंय.